रक्त किती पातळ झालंय ते घरी बघायचं मशीन: दीड वर्ष आणि दोन उन्हाळे वापरून

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि कंपनीचा माणूस पण नाही, औश्याला मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे माझं. पण गेल्या दीड वर्षात इतक्या जणांनी फोन करून विचारलंय की ते तुझ्या मायचं बोटातनं रक्त काढायचं मशीन कसंय, घ्यावं का, की म्हणलं एकदाच बसून सगळं लिहून टाकावं. कंपनीचं नाव टाकत नाही, चांगलं लिहिलं तर लोक म्हणतेत जाहिरात करायलाय आणि वाईट लिहिलं तर तेच लोक म्हणतेत याला वापरता आलं नसंल. तसंही असली मशीन मोजकीच मिळतेत आणि सगळ्यांचं काम साधारण एकसारखंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. मायला लहानपणी घसा धरायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. गावात कुणी मनावर घेतलं नाही, हळद-दूध द्यायचं आणि शेतात न्यायचं. घशातल्या त्या जंतूच्या भानगडीत हृदयाची झडप खराब होते हे आम्हाला चाळीस वर्षांनी सोलापूरला कळलं, तेव्हा माय दहा पावलं चालली की बसायला लागली होती. २०२२ च्या दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, माइट्रल झडप काढून धातूचा व्हॉल्व बसवला. ऑपरेशनचं सगळं महात्मा फुले योजनेतनं झालं, तिथं एक रुपया लागला नाही हे पण लिहिलं पाहिजे.

व्हॉल्व कोणता तर चित्रा, आपल्याच देशातला, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या टीमनं बनवलेला, पहिल्यांदा पेशंटला बसवला तो डिसेंबर १९९० मधे. मायला नाव सांगितलं तर म्हणली, "चित्राचा पाऊस कधी येळेवर पडलाय का रे, हे तरी येळेवर चालू दे म्हणाव." आत एक चकती असते ती प्रत्येक ठोक्याला उघडझाप करते, रात्री लाईट गेली आणि पंखा बंद पडला की मायच्या छातीतनं टिक टिक चक्क ऐकू येते. पहिले दोन महिने माझी पोरगी आज्जीजवळ झोपायलाच तयार नव्हती, आता तेच ऐकत झोपते. डॉक्टरनी आम्हाला सांगून ठेवलंय की हा आवाज दबका झाला किंवा येईना झाला तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी काढायची.

आता धातूचा व्हॉल्व म्हणलं की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. धातूवर रक्ताची गुठळी धरते, चकती अडकू शकते, नाहीतर गुठळी सुटून डोक्यात गेली की लकवा. म्हणून वॉरफरिन. आणि गोळी जास्त झाली तर उलट, नाकातनं हिरड्यातनं रक्त, पोटात डोक्यात रक्तस्राव. या दोन्हीच्या मधे ठेवायचं मोजमाप म्हणजे आयएनआर, आकडा जितका जास्त तितकं रक्त पातळ. तुमचं आमचं १ च्या आसपास असतं, मायचं २.५ ते ३.५ मधे राहिलं पाहिजे. तेवढीशी हद्द आहे, त्याच्यावर सगळा संसार चाललाय.

एक भाऊ लागतो आमचा, पुण्याला मेडिकल दुकानात आहे, तो म्हणला आता नव्या गोळ्या आल्यात, तपासणीच लागत नाही, त्या घ्या की. मी सोलापूरच्या डॉक्टर सरांना विचारलं तर ते जवळपास ओरडलेच. धातूच्या व्हॉल्ववाल्यांना तसली एक नवी गोळी, डॅबिगॅट्रान, देऊन बघायचा प्रयोग झाला होता आणि तो मधेच थांबवावा लागला, गुठळ्या पण जास्त आणि रक्तस्राव पण जास्त. तर असा सल्ला कुणी देत असंल तर हात जोडा आणि वॉरफरिनच चालू ठेवा.

मशीन घ्यायच्या आधी कसं चालायचं ते सांगतो म्हणजे कळंल का घेतलं. महिन्यातनं एकदा, कधी दोनदा, मायला घेऊन लातूर. एसटीत बायांना तिकीट अर्धं झालंय म्हणून तेवढं बरं, पण माझं दुकान बंद, तिचा दिवस गेलेला. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्ट संध्याकाळी, तवर डॉक्टर घरी गेलेले, मग रिपोर्टचा फोटो पाठवायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या दिवशी. म्हणजे आकडा सोमवारचा आणि डोस बदलायचा बुधवारी. मग आमच्या गावातच रक्त न्यायला एक पोरगा यायला लागला, एका लॅबचा, नाव नको. निळ्या झाकणाची ट्यूब असते, तिच्यात आधीच औषध घातलेलं असतं आणि रेघेपर्यंत रक्त भरावंच लागतं. मायची शीर सापडंना, पोरानं दोनदा टोचलं, अर्धीच ट्यूब भरली आणि म्हणला चालतंय काकू. गाडीच्या डिकीत टाकली आणि गेला, एप्रिल महिना. रात्री रिपोर्ट आला ६.८. आमच्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही, माय देवासमोर बसली आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो की कुठनं रक्त यायलंय का. सकाळी गाडी करून लातूरला नेलं, परत तपासलं तर २.९. ट्यूब अर्धी राहिली की त्यातलं औषध रक्ताच्या मानानं जास्त होतं आणि आकडा खोटा चढतो, हे दुसऱ्या लॅबमधल्या ताईंनी समजावून सांगितलं. त्याच दिवशी बायको म्हणली ते मशीन घ्या, माझी पोत मोडा पण घ्या.

पोत मोडली नाही, पण भिशी उचलली. मशीनच्या पैशात एक बऱ्यापैकी सेकंडहँड स्प्लेंडर येते एवढं धरा. २०२४ च्या जानेवारीच्या शेवटी आलं. डब्यात मशीन, बोट टोचायचा पेन, सुया, आणि स्ट्रिपा, म्हणजे रक्त लावायच्या पट्ट्या, वेगळ्या घ्याव्या लागतेत. शुगरच्या मशीनसारखंच दिसतं, थोडं जाड. पट्टीवर रक्त गोठवणारं रसायन असतं, बोटाचा थेंब त्याला लागला की मशीन रक्त गोठायला किती वेळ लागला ते मोजतं आणि एखाद्या मिनिटात आकडा. पहिल्यांदा आकडा आला तेव्हा माय म्हणली, एवढ्यासाठी मी सव्वा वर्ष लातूर करायले व्हय.

पण थांबा, इतकं सोपं नाही.

पहिली गोष्ट बोट. कंपनीच्या व्हिडिओत एक गोरी म्हातारी आहे, कापसासारखी बोटं, टुचकन टोचलं की मोत्यासारखा थेंब. आमच्या मायनं तीस वर्षं खुरपं धरलंय, बोटाची कातडी म्हणजे चपलेचा तळ. टोचलं की उलीसं लाल दिसतं आणि बंद. मग दाबायचं, आणि दाबून काढलेलं रक्त चालत नाही कारण त्यात कातडीखालचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. टोचल्यावर पंधरा सेकंदात पहिला थेंब पट्टीला लागला पाहिजे, कमी पडला म्हणून वरून दुसरा टाकायचा नाही, टाकला की मशीन एरर देतं आणि पट्टी वाया. पहिल्या चोवीस पट्ट्यांतल्या पाच आम्ही अशा घालवल्या, एका पट्टीचे पैसे लॅबच्या एका तपासणीएवढे पडतेत म्हणजे हिशोब करा. शेवटी बायकोनं जमवलं: कोमट पाण्यात हात धुवायचा, कोरडा करायचा, हात खाली लोंबकळत सोडायचा दोन मिनिटं, मधल्या नाहीतर करंगळीजवळच्या बोटाच्या बाजूला टोचायचं, मधोमध नाही. पेनची खोली सगळ्यात जास्तवर ठेवायची. आता दहा वेळातनं एखाद्या वेळेस पट्टी वाया जाते. शेतातल्या माणसासाठी घेत असाल तर पहिल्या डब्यातल्या चार-पाच पट्ट्या शिकण्यात जाणार हे धरूनच घ्या.

दुसरी गोष्ट, आकड्यावर भरवसा. सोलापूरच्या सरांनी घेतानाच सांगितलं होतं की पहिले तीन महिने मशीन आणि लॅब दोन्ही एकाच दिवशी करा, मग मी मशीनचं ऐकीन. तसं केलं. मशीन २.७ तर लॅब २.९. मशीन ३.१ तर लॅब ३.०. मशीन २.२ तर लॅब २.०. एकदा मात्र मशीन ४.४ आणि लॅब ३.८. मी घाबरून फोन केला तर सर म्हणले हे असंच असतंय, आकडा वर जाईल तसा फरक वाढतो, ४ च्या वर काही दिसलं की घाबरायचं नाही पण लॅबमधनं खात्री केल्याशिवाय बसायचं पण नाही. अमेरिकेत २०१८ मधे एका मोठ्या कंपनीच्या पट्ट्या परत मागवल्या होत्या त्या पण असल्याच कारणानं, साडेचारच्या वर गेलं की आकडा फुगवून दाखवायच्या. म्हणजे आपल्या हद्दीत, २ ते ४ मधे, मशीन कामाचं, वरच्या टोकाला नुसती घंटी समजायची. माझं मत विचाराल तर मोबाईलच्या बॅटरीच्या टक्क्यासारखं आहे, मधे बरोबर असतं, टोकाला गंडतं.

लातूरच्या एका डॉक्टरनी तर घरचा आकडा बघायलाच नकार दिला होता, "असल्या खेळण्यावर मी डोस बदलत नाही." त्यांचं पण चूक म्हणत नाही, पण मग मशीन घेऊन काय उपयोग. मशीन नुसता आकडा देतं, गोळी अर्धी करायची का पाव वाढवायची हे सांगणारा माणूस फोनवर लागला पाहिजे. घ्यायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा की मी घरचा आकडा पाठवला तर तुम्ही मानणार का. नाही म्हणले तर पैसे वाचवा. सोलापूरच्या सरांनीच सांगितलं होतं की २०१२ मधे लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात ११ ट्रायलचा, ६४१७ पेशंटचा एकत्र हिशोब आला होता, घरी तपासणाऱ्यांत गुठळीचे प्रकार जवळपास निम्मे झाले होते, त्यात पंचावन्नच्या आतले आणि धातूचा व्हॉल्ववाले यांना फायदा ठळक. रक्तस्राव आणि मृत्यू यात मात्र फारसा फरक नव्हता. माय ५१ ची, व्हॉल्व धातूचा, दोन्हीत बसते.

आता मुख्य तक्रार, जी कुठल्याच दुकानदारानं सांगितली नाही. ऊन.

पुस्तकात बारीक अक्षरात लिहिलंय की मशीन १८ ते ३२ डिग्रीतच चालतं, आणि पट्ट्या ३० च्या खाली ठेवायच्या. आता हे जिथं बनलं तिथं ठीक असंल, आमच्याकडं मे महिन्यात बाहेर बेचाळीस आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पहिल्या उन्हाळ्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन चालू केलं तर नुसतं थर्मामीटरचं चित्र आलं आणि गप्प. मला वाटलं बिघडलं, दुकानदार म्हणून आधी सेल बदलले, मग उघडावं की काय वाटायला लागलं, बरं झालं उघडलं नाही. पंख्याखाली ठेवलं तरी तेच, पंखा काय गरम हवाच फिरवतो. हेल्पलाईनला फोन लावला तर पोरगी म्हणते सर एसी रूम में टेस्ट कीजिए. ताई, एसी असता तर मी तुला फोन केला असता का. माय म्हणली फ्रिजमधे ठेव की घडीभर, मी तसं करू दिलं नाही, मशीनच्या आत वाफ धरली तर गेलं कामातनं, मोबाईलचं हेच रोज बघतो मी.

पहाटे पाचला करून बघितलं, पत्र्याच्या खोलीत तेव्हा पण तेहेतीस-चौतीस, पत्रा रात्रभर तापच सोडत राहतो. शेवटी उपाय निघाला तो चुलत्याच्या घरात. त्यांची एक खोली जुन्या माळवदाची राहिलेली आहे, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर माती. आमच्या तालुक्यात अशी घरं आता शोधून सापडंनात, किल्लारी आमच्यापासून लांब नाही, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्या दगडमातीच्या भिंतीच लोकांच्या अंगावर पडल्या, त्यानंतर ज्याला जमंल त्यानं माळवद पाडून पत्रे टाकले. आमच्या आबांनी पण पाडलं. माय तेव्हा नवी नवरी, ती सांगते की कितीतरी महिने कुणी छताखाली झोपलंच नाही. चुलत्यानं तेवढी एक खोली ठेवली, धान्याला थंड राहते म्हणून. तर मे महिन्यात पहाटे त्या खोलीत २९ डिग्री. आता दर उन्हाळ्यात पंधरा दिवसातनं एकदा पहाटे माय, बायको आणि मशीन असे तिघं चुलत्याच्या कणगीजवळ बसतेत, ज्वारीच्या पोत्यावर हात ठेवून टोचतेत आणि चुलती चहा ठेवते. हिवाळ्यात उलटं, डिसेंबरच्या पहाटे १८ च्या खाली जातं म्हणून दुपारी अंगणात करायचं.

पट्ट्यांचं म्हणाल तर फ्रिजच्या दारात ठेवतो, लाईट जाऊन जाऊन येते तरी फ्रिजचं दार उघडलं नाही तर थंडावा टिकतो. खरी भीती कुरिअरची. मे महिन्यात मागवलेला डबा दोन दिवस कुठल्या पत्र्याच्या गोडाऊनमधे पडला होता देव जाणे, हातात घेतला तर कोमट. त्या डब्यातली पहिली पट्टी लॅबसोबत ताडून बघितली तेव्हा कुठं वापरला. आता मी मार्चमधेच उन्हाळ्यापुरत्या पट्ट्या आणून ठेवतो. आणि झाकण, झाकण पट्टी काढली की लगेच घट्ट लावायचं, आत हवा गेली की बाकीच्या पट्ट्या खराब. हे माझ्या आबांना अजून पटलेलं नाही, ते म्हणतेत बिस्किटाचा डबा आहे का तो.

तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी मशीनला पैकीच्या पैकी देईन. वही. बायको दर वेळी आकडा, तारीख, गोळी किती आणि त्या आठवड्यात घरात काय शिजलं ते लिहिते. आधी एका माणसानं मायला सांगितलं होतं की हिरवी भाजी विष आहे, अजिबात खायची नाही. वर्षभर बिचारीनं मेथी शेपू पालक काहीच खाल्लं नाही, आणि मधेच कुणाच्या घरी गेली की पोटभर खायची. आकडा वर खाली वर खाली. गोळी जे काम करते त्याच्या उलटं काम पालेभाजीतलं व्हिटॅमिन के करतं, म्हणून भाजी वाढली की आकडा पडतो. आता वहीत बघा: येळवस होती डिसेंबरच्या शेवटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लातूर-धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं, ज्वारीच्या ताटांची कोप, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हिवाळ्यातल्या सगळ्या पालेभाज्या आणि हिरव्या दाण्यांचं दाटसर कालवण, मेथी, पालक, चुका, हरभऱ्याचा पाला, जे शेतात असंल ते. माय त्या दिवशी दोन वाट्या, दुसऱ्या दिवशी उरलेली, तिसऱ्या दिवशी मामाच्या घरनं आलेली. चार दिवसांनी आकडा १.९. त्याच्या आधी ३.०, सहा आठवडे हललेला नव्हता. लॅबच्या महिन्याच्या तपासणीत हे कधी दिसलंच नसतं, पुढच्या तपासणीपर्यंत आकडा परत वर आला असता आणि मधले ते दिवस धातूच्या व्हॉल्ववर रक्त घट्ट होऊन फिरलं असतं.

सरांनी तीन दिवस डोस वाढवून दिला आणि एक नियम घालून दिला: भाजी सोडायची नाही, माप सोडायचं नाही. आठवड्यात तीन दिवस, एक वाटी, पावसाळा असो का हिवाळा. त्या मापावर गोळी बसवली. आता आकडा मागच्या फेब्रुवारीपासून हद्दीत आहे, दोन वेळा सोडून.

त्यातली एक वेळ सांगतोच. जुलैमधे मायला जुलाब लागले, गावातल्या दवाखान्यातनं गोळ्या आणल्या, त्यात मेट्रोनिडाझोल होती. कागद बघायच्या आधीच दोन दिवस खाऊन झालं होतं. ही गोळी वॉरफरिनचा जोर वाढवते. तिसऱ्या दिवशी दात घासताना हिरडीतनं रक्त, बायकोनं लगेच मशीन लावलं तर ५.१. त्याच तासाला सरांना फोन, त्यांनी त्या रात्रीची गोळी बंद ठेवायला लावली, लॅबमधनं खात्री केली (४.६ आली), आणि चार दिवसात जागेवर. इंजेक्शन पण कमरेत घ्यायचं नाही असं सरांनी बजावलंय, आत रक्त साकळतं, पण आमच्याकडं सुई दिल्याशिवाय डॉक्टर भारी वाटत नाही आणि माय स्वतःच म्हणते एक सुई द्या की. तिच्या गळ्यात आता पोतीसोबत एक कार्ड घातलंय, व्हॉल्व, गोळी, माझा नंबर.

मधे आबांनी कुठनं तरी ऐकून आणलं की ही गोळी उंदीर मारायची आहे. खोटं नाही ते. १९२०-३० च्या सुमाराला अमेरिकेत आणि कॅनडात गाई नुसत्या शिंग छाटलं तरी रक्त जाऊन मरायला लागल्या, कारण काय तर भिजून बुरशी आलेला चारा. विस्कॉन्सिनला कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञाच्या टीमनं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं, पुढं त्याच्यावरनं १९४८ मधे उंदराचं औषध आलं आणि १९५४ पासून तेच माणसाला मापात द्यायला लागले. मी मायला हे सांगितलं तर तिला उंदराचं काहीच वाटलं नाही, ती म्हणली, "भिजलेला कडबा जनावराला घालू नये हे आमाला कुणी शिकवायला नव्हतं लागत." विषय संपला.

जाता जाता, एक हातात धरायचं ईसीजीचं यंत्र पण घेतलं होतं, ऑनलाईन सेलमधे, दोन्ही अंगठे ठेवायचे आणि तीस सेकंद. आमच्यासाठी बिनकामाचं. मायचे ठोके ऑपरेशनच्या आधीपासूनच अनियमित आहेत, आणि हे यंत्र रोज सकाळी घाबरून सांगतं की ठोके अनियमित आहेत, डॉक्टरांशी बोला. माहितंय बाबा. आता पोरगी त्याच्यावर डॉक्टर-डॉक्टर खेळते.

सर्व्हिसबद्दल. मशीन बिघडलं नाही अजून एकदाही, बारीक सेल वर्षातनं एकदा बदलले. पट्ट्यांच्या प्रत्येक डब्यासोबत एक छोटी चिप येते, ती मशीनमधे बदलायची असते, मी मोबाईलवाला असून एकदा विसरलो आणि नवीन पट्टीला जुनी चिप, मशीननं एरर दिला आणि पट्टी गेली. पुस्तक इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत एक ओळ नाही. ज्या घरात वाचणारं कुणी नाही त्यांनी घेतलं तर ते कपाटात पडणार, शेजारच्या गावात असं एक पडलेलंच आहे, त्यांचा पोरगा पुण्याला गेला आणि मशीन बंद. त्या काकांना आता मी बोलावतो, पट्टी त्यांची, मशीन आमचं. सरांना विचारून करतो, आणि त्यांनी एकच गोष्ट चार वेळा सांगितली, टोचायचा पेन एकमेकांचा वापरायचा नाही, काविळीचे जंतू त्याच्यातनं जातेत. म्हणून काकांसाठी वापरून फेकायच्या सुट्या सुया वेगळ्या ठेवल्यात आणि दर वेळी मशीन पुसतो.

पैशाचं सरळ बोलतो. महिन्यातनं दोनदा तपासायचं तर पट्टीचा खर्च लॅबएवढाच, वाचतो तो प्रवास आणि दिवस. मशीनची किंमत त्यातनं फिटायला आम्हाला बहुतेक चार वर्षं लागतील. योजनेत ऑपरेशन बसलं पण मशीन आणि पट्ट्या आपल्याच खिशातनं, जन्मभर गोळी लावून दिल्यावर ती मोजायचं साधन पण द्यायला काय झालं होतं हे मला कळत नाही. लातुरात, सोलापुरात राहणाऱ्यानं, ज्याच्या घराजवळ चांगली लॅब आहे आणि रिपोर्ट त्याच दिवशी बघणारा डॉक्टर आहे, त्यानं नाही घेतलं तरी चालतंय. गावात राहणाऱ्यानं, घरात एक तरी माणूस हात न थरथरता टोचणारा असंल, आणि डॉक्टर फोन उचलणारा असंल, तर भिशी उचलून घ्या. पाचपैकी चार. एक उन्हाचा कापला.

आणि पट्ट्या घेताना डब्यावरची तारीख बघूनच पैसे द्या. मला एकदा चोवीसचा डबा दिला त्याला दोनच महिने राहिले होते, पंधरा दिवसाला एक म्हणलं तर चारच वापरल्या असत्या. परत केला, भांडून. तेव्हापासून सहाचाच घेतो, पट्टीमागं थोडे जास्त जातेत.